अवक्षेपाची आयनिक समीकरणे: काय फोडायचे आणि काय अखंड ठेवायचे

दोन नितळ द्रावणे परीक्षानळीत एकत्र केली आणि क्षणात दुधाळ साका दिसू लागला, की अवक्षेप तयार झाला हे दहावीचा विद्यार्थीही सांगतो. तीच अभिक्रिया आयनिक समीकरणाच्या रूपात लिहायला सांगितली, की मात्र अकरावी-बारावीतले चांगले विद्यार्थीही अडखळतात. नाशिकमध्ये या वयाच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना मला सातत्याने दिसले आहे की ही अडचण गणिताची नसते. समीकरण संतुलित करणे त्यांना येते आणि संयुजाही पाठ असतात. चुकते ते एकाच जागी: कोणता पदार्थ आयनांत फोडून लिहायचा आणि कोणता अखंड ठेवायचा, हे ठरवताना. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या एका निर्णयासाठी राखून ठेवला आहे. काही उदाहरणे जिल्ह्यातल्या द्राक्षबागांतली घेतली आहेत, कारण निफाड-दिंडोरीकडच्या अनेक मुलांनी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी घरच्या पिंपात एकत्र होताना पाहिलेला असतो.

लेखनपद्धतीविषयी एक गोष्ट आधीच सांगतो. येथे समीकरणे पदार्थांच्या नावांनी लिहिली आहेत आणि आयनाचा प्रभार नावाच्या डोक्यावर दाखवला आहे. वहीत लिहिताना नावाच्या जागी नेहमीच्या रासायनिक संज्ञा वापराव्यात. कंसातील ‘जलीय’, ‘स्थायू’, ‘द्रव’ आणि ‘वायू’ या खुणा पदार्थाची अवस्था दाखवतात. त्या शोभेसाठी नाहीत. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय त्यांच्यावरच उभा आहे.

आयनिक समीकरण काय सांगते

मीठ पाण्यात विरघळले की पाण्यात सोडिअम क्लोराइड नावाचे कण उरत नाहीत. सोडिअमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन सुटे होऊन, पाण्याच्या रेणूंनी वेढलेले, एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरू लागतात. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अर्‍हेनिअस यांनी १८८४ मध्ये आपल्या प्रबंधात विद्युतवहनाच्या मोजमापांवरून या विचाराचा पाया घातला आणि पुढे विचरणाच्या या सिद्धान्तासाठीच त्यांना १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण जे गृहीत धरतो ते त्या काळी अनेक रसायनशास्त्रज्ञांना पटत नव्हते, हे लक्षात घेतले तर विद्यार्थ्याला ही कल्पना पहिल्या वाचनात पचत नाही याचे नवल वाटू नये.

आता सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे द्रावण ओतले, तर नळीत चार प्रकारचे आयन एकत्र येतात. त्यांपैकी सिल्व्हर आणि क्लोराइड एकमेकांना धरून पांढरा स्थायू तयार करतात. सोडिअम आणि नायट्रेट मात्र आधी जसे होते तसेच नंतरही पाण्यात फिरत राहतात. आयनिक समीकरणात आपण फक्त पहिल्या जोडीचा व्यवहार नोंदवतो. मिठाऐवजी पोटॅशिअम क्लोराइड घेतले तरी पुरेशा विरल द्रावणांत एक मोल सिल्व्हर क्लोराइड तयार होताना सुमारे ६५ किलोज्यूल इतकीच उष्णता बाहेर पडते. सोडिअम असो वा पोटॅशिअम, उष्णतेच्या हिशेबात त्यांचा वाटा नाही, म्हणजे अभिक्रियेतही नाही. निव्वळ आयनिक समीकरण ही केवळ परीक्षेसाठीची संक्षिप्त लिपी नसून नळीत प्रत्यक्ष घडलेल्या घटनेचे अधिक खरे वर्णन आहे, असे मी आग्रहाने म्हणतो ते यामुळेच.

पहिली पायरी: पूर्ण समीकरण, सूत्रांसह

सुरुवात नेहमी साध्या, पूर्ण समीकरणापासून करावी. दुहेरी विस्थापनात धन आयन आपापले जोडीदार बदलतात, एवढे धरून उत्पादितांची नावे लिहावीत आणि मग प्रत्येक उत्पादिताचे सूत्र त्याच्या आयनांच्या प्रभारांवरून नव्याने मांडावे. अभिक्रियाकारकाच्या सूत्रातले पादांक तसेच उचलून उत्पादिताला चिकटवण्याची सवय येथेच मोडायला हवी. बेरिअम क्लोराइडच्या सूत्रात क्लोराइड दोन आहेत, कारण बेरिअमचा प्रभार दोन आहे. तोच क्लोराइड अ‍ॅल्युमिनिअमबरोबर गेला की तीन लागतील आणि सोडिअमबरोबर गेला की एकच पुरेल.

सूत्रे पक्की झाल्यावरच समीकरण संतुलित करावे. संतुलन साधत नाही म्हणून सूत्रातला पादांक बदलणे म्हणजे पदार्थच बदलणे होय.

दुसरी पायरी: कोण विरघळते, कोण खाली बसते

येथे द्रावणीयतेचे नियम लागतात, आणि ते पाठ करण्याला पर्याय नाही. मात्र त्यांचा क्रम नीट लावला तर पाठांतर बरेच हलके होते.

सर्वांत आधी बिनअपवाद गट ध्यानात ठेवावा: सोडिअम, पोटॅशिअम आणि अमोनिअमचे नेहमीच्या वापरातले सर्व क्षार, तसेच सर्व नायट्रेट पाण्यात विरघळतात. एवढ्या एका वाक्यावर निम्मी उदाहरणे सुटतात, कारण बहुतेक प्रश्नांत एक उत्पादित या गटातलाच असतो आणि मग अवक्षेप होण्याचा मान आपोआप दुसऱ्याकडे जातो. त्यानंतर क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड घ्यावेत. हेही सहसा विरघळतात. अपवाद सिल्व्हर, लेड आणि मर्क्युरस (पाऱ्याचा एक आयन) यांचे. लेड क्लोराइड थंड पाण्यात खाली बसते, पण गरम पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, आणि गुणात्मक विश्लेषणाच्या प्रात्यक्षिकात याच गुणाचा उपयोग होतो. सल्फेटमध्ये बेरिअम, स्ट्रॉन्शिअम आणि लेड हे पक्के अपवाद आहेत. कॅल्शिअम सल्फेट मात्र सीमेवर उभे आहे, आणि त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

उरलेल्या गटांत नियम उलटा होतो. कार्बोनेट आणि फॉस्फेट सहसा विरघळत नाहीत. सोडिअम, पोटॅशिअम आणि अमोनिअमचे तेवढे विरघळतात. हायड्रॉक्साइडमध्ये सोडिअम, पोटॅशिअम आणि बेरिअमचे विरघळतात, कॅल्शिअमचे थोडेसे, बाकी धातूंचे बहुतेक खाली बसतात. सल्फाइडमध्ये पहिल्या दोन गणांतले धातू आणि अमोनिअम सोडले, तर बाकीचे जवळजवळ सगळे अविद्राव्य आणि बरेचसे काळे असतात.

‘अविद्राव्य’ या शब्दाचा अर्थ ‘अजिबात न विरघळणारे’ असा घेऊ नये. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात मीठ सुमारे ३६० ग्रॅम विरघळते, सिल्व्हर क्लोराइड सुमारे २ मिलिग्रॅम आणि बेरिअम सल्फेट सुमारे अडीच मिलिग्रॅम. बेरिअमचे विद्राव्य क्षार विषारी असूनही पोटाच्या एक्स-रे तपासणीत रुग्णाला बेरिअम सल्फेटचे मिश्रण पाजता येते, ते या नगण्य द्रावणीयतेमुळेच. समीकरणात अशा पदार्थाला आपण अखंड स्थायू म्हणून लिहितो.

तिसरी पायरी: फोडण्याचा निर्णय

आता मुख्य प्रश्न. समीकरणातल्या प्रत्येक पदार्थाजवळ थांबून विचारावे, की हा पदार्थ पाण्यात खरोखर सुट्या आयनांच्या रूपात आहे का? उत्तर ‘होय’ यायला दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. तो पदार्थ विरघळलेला असावा आणि विरघळल्यावर पूर्णपणे आयनांत विभागणारा असावा. विद्राव्य क्षार, सोडिअम किंवा पोटॅशिअम हायड्रॉक्साइडसारखे प्रबल आम्लारी, आणि हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक यांसारखी प्रबल आम्ले या दोन्ही अटींत बसतात.

दोहोंपैकी एकही अट मोडली तर पदार्थ अखंड ठेवावा. स्थायू अवक्षेप पहिल्या अटीत नापास होतो. विद्यार्थी येथे हमखास एक शंका काढतात आणि ती रास्त आहे: सिल्व्हर क्लोराइड हे आयनिक संयुगच आहे, मग ते फोडायचे का नाही? त्याचे कण आयनच आहेत, हे खरे. पण ते स्फटिकाच्या जाळीत जखडलेले आहेत, पाण्यात मोकळे नाहीत. आपण बंधाचा प्रकार लिहीत नसून कणांची मोकळीक लिहीत आहोत.

दुसऱ्या अटीत नापास होणारे पदार्थ अधिक फसवे असतात, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, अ‍ॅसिटिक आम्ल हे पाण्यात असतात, पण बहुतांशी रेणूंच्याच रूपात. कॉपर सल्फेटच्या द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला तर काळा कॉपर सल्फाइड खाली बसतो आणि त्याचे समीकरण असे होते:

कॉपर²⁺ (जलीय) + हायड्रोजन सल्फाइड (जलीय) → कॉपर सल्फाइड (स्थायू) + २ हायड्रोजन⁺ (जलीय)

डावीकडे सल्फाइड आयन सुटा लिहिला असता तर समीकरण संतुलित दिसले असते, प्रभारही जुळले असते, तरीही ते चुकीचे ठरले असते. फेरिक क्लोराइडमध्ये अमोनियाचे द्रावण घालतानाही हेच लागू होते. अमोनिया दुर्बल आम्लारी असल्यामुळे त्याचा रेणू अखंड ठेवून असे लिहावे:

फेरिक³⁺ (जलीय) + ३ अमोनिया (जलीय) + ३ पाणी (द्रव) → फेरिक हायड्रॉक्साइड (स्थायू) + ३ अमोनिअम⁺ (जलीय)

फोडताना आणखी दोन पथ्ये पाळावीत. संयुक्त मूलक कधीही फोडू नये. सल्फेट हा सल्फेटच राहतो, त्याचे सल्फर आणि ऑक्सिजन वेगळे होत नाहीत. आणि सूत्रातला पादांक हा आयनांची संख्या सांगतो, त्यांची जोडी सांगत नाही. बेरिअम क्लोराइडच्या एका एककातून दोन स्वतंत्र क्लोराइड आयन मिळतात आणि प्रत्येकाचा प्रभार उणे एक असतो. दोन क्लोराइड मिळून उणे दोन प्रभाराचा एकच कण होतो, असे लिहिणे मी बारावीच्या उत्तरपत्रिकांतही पाहतो. मर्क्युरस आयन तेवढा खराखुरा जोडआयन आहे. त्यात पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना बांधलेले असतात आणि दोघांचा मिळून प्रभार अधिक दोन असतो, म्हणून तो मात्र दोन भागांत फोडू नये.

चौथी पायरी: प्रेक्षक आयन वगळणे, मग तपासणी

अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट आणि बेरिअम क्लोराइड यांचे उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू. यात पादांक आणि गुणांक दोन्हींची परीक्षा होते. पूर्ण संतुलित समीकरण असे:

अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट (जलीय) + ३ बेरिअम क्लोराइड (जलीय) → ३ बेरिअम सल्फेट (स्थायू) + २ अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइड (जलीय)

अ‍ॅल्युमिनिअम सल्फेटच्या एका एककात दोन अ‍ॅल्युमिनिअम व तीन सल्फेट आहेत. तीन बेरिअम क्लोराइडमधून तीन बेरिअम आणि सहा क्लोराइड येतात. उजवीकडे बेरिअम सल्फेट अखंड राहतो, तर दोन अ‍ॅल्युमिनिअम क्लोराइडमधून दोन अ‍ॅल्युमिनिअम आणि सहा क्लोराइड सुटे होतात. म्हणून पूर्ण आयनिक समीकरण:

२ अ‍ॅल्युमिनिअम³⁺ (जलीय) + ३ सल्फेट²⁻ (जलीय) + ३ बेरिअम²⁺ (जलीय) + ६ क्लोराइड⁻ (जलीय) → ३ बेरिअम सल्फेट (स्थायू) + २ अ‍ॅल्युमिनिअम³⁺ (जलीय) + ६ क्लोराइड⁻ (जलीय)

दोन्ही बाजूंना त्याच प्रभाराने, त्याच अवस्थेत आणि तेवढ्याच संख्येने असलेले आयन म्हणजे प्रेक्षक आयन. ते वगळले की तीन बेरिअम, तीन सल्फेट आणि तीन बेरिअम सल्फेट उरतात. सर्वांना तीनने भाग जातो. हा शेवटचा भागाकार बरेच जण विसरतात आणि त्याचे गुण जातात.

बेरिअम²⁺ (जलीय) + सल्फेट²⁻ (जलीय) → बेरिअम सल्फेट (स्थायू)

तपासणी दोनदा करावी, एकदा अणूंची आणि एकदा प्रभाराची. येथे डावीकडे अधिक दोन व उणे दोन मिळून शून्य, उजवीकडेही शून्य. एकूण प्रभार शून्यच यायला हवा असे मात्र नाही. वरच्या हायड्रोजन सल्फाइडच्या समीकरणात दोन्ही बाजूंना अधिक दोन आहे आणि ते अगदी बरोबर आहे. दोन्ही बाजू सारख्या असणे एवढीच अट आहे.

सगळेच आयन प्रेक्षक निघाले तर काय? पोटॅशिअम नायट्रेट आणि सोडिअम क्लोराइडच्या विरल द्रावणांबाबत नेमके हेच होते. तेथे निव्वळ आयनिक समीकरण लिहायचेच नसते; ‘अभिक्रिया होत नाही’ हेच पूर्ण उत्तर आहे.

बोर्डो मिश्रण: नियम ताणून पाहण्याची जागा

पावसाळ्यात डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या बंदोबस्तासाठी द्राक्षबागेत वापरले जाणारे बोर्डो मिश्रण हे अवक्षेपण अभिक्रियेचे आपल्या जिल्ह्यातले सर्वांत परिचित उदाहरण आहे. फ्रान्समधल्या बोर्डो परिसरात मिलार्दे यांनी त्याचा अभ्यास करून १८८५ मध्ये ते जाहीर केले. एक टक्का मिश्रणासाठी साधारणपणे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना घेतात. निळे मोरचुदाचे पाणी चुन्याच्या दाट पाण्यात पडते आणि आकाशी रंगाचा दाट, लोण्यासारखा मऊ अवक्षेप तरंगू लागतो.

वर्गात मी याचे समीकरण लिहायला सांगतो तेव्हा बहुतेक जण सोडिअम हायड्रॉक्साइडच्या उदाहरणावरून लगेच असे लिहितात:

कॉपर²⁺ (जलीय) + २ हायड्रॉक्साइड⁻ (जलीय) → कॉपर हायड्रॉक्साइड (स्थायू)

परीक्षानळीत कॉपर सल्फेट आणि सोडिअम हायड्रॉक्साइड घेतले असते तर हे निर्विवाद बरोबर होते; सोडिअम आणि सल्फेट प्रेक्षक ठरले असते. पिंपातली परिस्थिती वेगळी आहे, आणि ती आकड्यांनीच पाहावी. एका लिटरला १० ग्रॅम मोरचूद म्हणजे सुमारे ०.०४ मोल कॉपर आणि तेवढाच सल्फेट. सगळा सल्फेट कॅल्शिअमबरोबर जिप्समच्या (पाण्याचे रेणू धरलेल्या कॅल्शिअम सल्फेटच्या) रूपात गेला तर लिटरला जवळपास ७ ग्रॅम जिप्सम होईल. एका लिटर पाण्यात जिप्सम विरघळते ते दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे बराचसा कॅल्शिअम सल्फेटही स्थायू रूपात खाली येणार, आणि सल्फेटला प्रेक्षक म्हणून वगळता येणार नाही. दुसरीकडे, कळीचा चुना विझवून केलेल्या दाट पाण्यात कॅल्शिअम हायड्रॉक्साइड लिटरला दोन ग्रॅमपेक्षा कमीच विरघळलेले असते. बाकीचे बारीक स्थायू कणांच्या रूपात तरंगत असते. म्हणून तेही फोडता येत नाही. हे सर्व विचारात घेऊन पिंपातल्या अभिक्रियेचे अधिक खरे समीकरण असे लिहावे लागते:

कॉपर²⁺ (जलीय) + सल्फेट²⁻ (जलीय) + कॅल्शिअम हायड्रॉक्साइड (स्थायू) → कॉपर हायड्रॉक्साइड (स्थायू) + कॅल्शिअम सल्फेट (स्थायू)

येथे प्रेक्षक आयन एकही उरला नाही. प्रत्यक्षात अवक्षेपात कॉपरचे बेसिक सल्फेटही असतात आणि त्यांचे प्रमाण चुन्याच्या प्रमाणानुसार बदलते, त्यामुळे हेही सोपे केलेले चित्र आहे. तरी फोडण्याचा निर्णय पाठांतराने नव्हे तर परिस्थिती पाहून घ्यायचा असतो, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. तोच कॅल्शिअम हायड्रॉक्साइड गाळून नितळ केलेल्या चुन्याच्या पाण्यात फोडून लिहायचा, आणि चुन्याच्या दाट, गढूळ पाण्यात स्थायू म्हणून अखंड ठेवायचा.

शेतकरी मिश्रण नीट जमले का ते पाहण्यासाठी त्यात लोखंडी पाते बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर द्रावणात मोकळा कॉपर आयन उरला आहे आणि चुना कमी पडला आहे. ही अवक्षेपणाची अभिक्रिया नव्हे, विस्थापनाची आहे. पण अवक्षेपण पूर्ण झाले की नाही याची ती नेमकी कसोटी आहे. मोकळा कॉपर राहिला तर पाने करपतात, म्हणून ही तपासणी टाळू नये.

ठिबकच्या खतांबाबतही हाच विचार उपयोगी पडतो. कॅल्शिअम नायट्रेट आणि ‘झिरो झिरो पन्नास’ म्हणजे पोटॅशिअम सल्फेट ही खते एकाच टाकीत दाट प्रमाणात घेऊ नयेत, असे सांगितले जाते. कारण असे:

कॅल्शिअम²⁺ (जलीय) + सल्फेट²⁻ (जलीय) + २ पाणी (द्रव) → जिप्सम (स्थायू)

पोटॅशिअम आणि नायट्रेट येथे प्रेक्षक आहेत. तयार झालेले जिप्सम ड्रिपर चोंदवते आणि विकत घेतलेले कॅल्शिअम मुळांपर्यंत पोहोचत नाही. हीच दोन खते भरपूर पाण्यात अगदी थोडी घेतली तर द्रावण नितळ राहू शकते, कारण जिप्समच्या द्रावणीयतेची मर्यादा ओलांडली जात नाही. सीमेवरच्या पदार्थांबाबत प्रश्नात संहती (द्रावणाची तीव्रता) दिली असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. ती दिली नसेल, तर कॅल्शिअम सल्फेटला अवक्षेप मानावे आणि उत्तरात तसे स्पष्ट लिहावे.

अवक्षेपाबरोबर वायू किंवा पाणीही तयार होत असेल तर

चुन्याच्या नितळ पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की ते दुधाळ होते:

कॅल्शिअम²⁺ (जलीय) + २ हायड्रॉक्साइड⁻ (जलीय) + कार्बन डायऑक्साइड (वायू) → कॅल्शिअम कार्बोनेट (स्थायू) + पाणी (द्रव)

वायू सोडत राहिले की दुधाळपणा पुन्हा नाहीसा होतो, कारण कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट होते. त्या वेळी स्थायू डावीकडे जातो आणि आयन उजवीकडे येतात.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची जुनी रीतही अवक्षेपणाचीच आहे. तुरटीतला अ‍ॅल्युमिनिअम पाण्यातल्या बायकार्बोनेटबरोबर असा वागतो:

अ‍ॅल्युमिनिअम³⁺ (जलीय) + ३ बायकार्बोनेट⁻ (जलीय) → अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड (स्थायू) + ३ कार्बन डायऑक्साइड (वायू)

चिकट हायड्रॉक्साइडच्या पुंजक्यांना मातीचे कण धरतात आणि गाळ तळाशी बसतो. तुरटीतले पोटॅशिअम आणि सल्फेट प्रेक्षक असल्यामुळे समीकरणात येत नाहीत.

बेरिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्लाची जोडी प्रयोगातून दाखवण्यासारखी आहे. बेरिअम सल्फेट खाली बसते आणि हायड्रोजन-हायड्रॉक्साइडचे पाणी होते. द्रावणात दिवा जोडलेले इलेक्ट्रोड ठेवून आम्ल थेंबाथेंबाने घातले, तर दिवा मंद होत जवळजवळ विझतो आणि आम्ल जास्त झाले की पुन्हा उजळतो. सगळे आयन संपल्याचे इतके थेट प्रत्यंतर दुसऱ्या प्रयोगात क्वचितच मिळते.

प्रयोग करताना

सिल्व्हर नायट्रेटची द्रावणे नळाच्या पाण्यात करू नयेत. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतोच, त्यामुळे मीठ घालण्याआधीच गढूळपणा येतो आणि निरीक्षण फसते. ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. क्लोराइडची परीक्षा करताना आधी विरल नायट्रिक आम्ल घालतात, कारण कार्बोनेट असल्यास सिल्व्हर कार्बोनेटचाही अवक्षेप मिळतो आणि तो आम्लात टिकत नाही. क्लोराइडचा अवक्षेप पांढरा, ब्रोमाइडचा फिकट पिवळा आणि आयोडाइडचा पिवळा असतो. सिल्व्हरचे हे क्षार प्रकाशात काळवंडतात. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांच्या काळातल्या चित्रफितीवरचा प्रकाशसंवेदी थरही जिलेटीनमध्ये असेच सिल्व्हर ब्रोमाइड अवक्षेपित करून बनवलेला असे.

लेड नायट्रेट आणि पोटॅशिअम आयोडाइडचा गडद पिवळा अवक्षेप सर्वांना आवडतो, पण लेड आणि बेरिअमचे क्षार विषारी आहेत. त्यांचे उरलेले द्रावण आणि साका बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत साठवावा. बेसिनमधून गेलेले पाणी शेवटी गोदावरीकडेच जाते.

सरावासाठी काही जोड्या

उत्तर पाहण्याआधी स्वतः लिहून पाहावे.

सोडिअम फॉस्फेट आणि कॅल्शिअम क्लोराइड: सोडिअम व क्लोराइड प्रेक्षक. उत्तरात ३ कॅल्शिअम²⁺ आणि २ फॉस्फेट³⁻ मिळून कॅल्शिअम फॉस्फेट (स्थायू). प्रभार अधिक सहा व उणे सहा, म्हणजे शून्य.

सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशिअम क्रोमेट: २ सिल्व्हर⁺ आणि एक क्रोमेट²⁻ मिळून विटकरी लाल सिल्व्हर क्रोमेट (स्थायू). सिल्व्हरच्या आधीचा २ हा गुणांक सुटू देऊ नये.

अमोनिअम क्लोराइड आणि पोटॅशिअम नायट्रेट: अभिक्रिया होत नाही.

मॅग्नेशिअम सल्फेट आणि बेरिअम हायड्रॉक्साइड: ही जोडी घाईने सोडवणाऱ्याला चकवते. मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड अविद्राव्य आहे एवढे पाहून थांबले, तर बेरिअम आणि सल्फेट प्रेक्षक म्हणून वगळले जातात. पण तेही एकमेकांना धरून खाली बसतात. दोन्ही उत्पादिते स्थायू असल्यामुळे काहीच वगळता येत नाही:

मॅग्नेशिअम²⁺ (जलीय) + सल्फेट²⁻ (जलीय) + बेरिअम²⁺ (जलीय) + २ हायड्रॉक्साइड⁻ (जलीय) → मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड (स्थायू) + बेरिअम सल्फेट (स्थायू)

डावीकडे अधिक दोन, उणे दोन, अधिक दोन आणि उणे दोन मिळून शून्य होतात, आणि उजवीकडेही प्रभार शून्यच आहे.